'हॅल्सियन डेज'ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : एका इंग्रजी आत्मकथनाचा अनुवाद करतोय. लेखक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला 'हॅल्सियन डेज' म्हणतो. शब्दकोशात 'सुखाचे, शांततेचे दिवस' असा अर्थ मिळाला. 'सोनेरी दिवस' लिहिलं तर चालेल का? आणि हे हॅल्सियन म्हणजे मुळात काय?

उत्तर : 'सोनेरी दिवस' नको, असं माझं स्पष्ट मत. त्यात भरभराट आहे. हॅल्सियनमध्ये आहे ती उसंत, आणि तीही ऐन वादळी मोसमातली.

हॅल्सियन म्हणजे खंड्या पक्षी. त्यामागे एक ग्रीक कथा आहे. अल्किओनी ही वाऱ्यांचा धनी आयोलस याची लेक, आणि ट्रेकिसचा राजा कीइक्स तिचा नवरा. रोमन कवी ओव्हिडने त्यांची गोष्ट सविस्तर सांगितली आहे. कीइक्स देवाचा कौल घ्यायला समुद्रमार्गे निघतो. ती गयावया करते : जाऊ नको, लहानपणी बाबांच्या घरी मी हे वारे पाहिलेत, एकदा सुटले की कुणाला आवरत नाहीत. तो जातो आणि जहाज बुडतं. हिला पत्ताच नाही. ती रोज देवळात जाऊन त्याच्यासाठी प्रार्थना करत राहते. मेलेल्या माणसासाठीची ही प्रार्थना शेवटी देवीलाच ऐकवेना. मग अल्किओनीच्या स्वप्नात कीइक्सचं रूप येतं, दाढीतून आणि केसांतून पाणी निथळत असलेलं. सकाळी ती किनाऱ्यावर धावते, तर लाटांवर त्याचं प्रेत. ती झेपावते आणि झेपावतानाच पक्षी होते. तोही पक्षी होतो. तेव्हापासून हिवाळ्यात सात दिवस ती समुद्रावरच्या घरट्यात अंडी उबवते आणि आयोलस तेवढे दिवस वारे कोंडून ठेवतो, नातवंडांसाठी.

वारा पडण्याचं कारण म्हणून आजोबाची माया! निसर्गाचा अर्थ लावणाऱ्या ग्रीक कथांमध्ये मला ही सर्वांत जवळची वाटते.

ॲरिस्टॉटलने मात्र दिवस 14 धरले : 21-22 डिसेंबरच्या सुमाराच्या सर्वांत लहान दिवसाआधीचे सात आणि नंतरचे सात. ग्रीसमध्ये ही शांतता दर वर्षी येतेच असं नाही, सिसिलीच्या समुद्रात मात्र बहुधा येते, हेही त्याने नोंदवलं आहे. ग्रीसमध्ये आजही हिवाळ्यात मधेच येणाऱ्या स्वच्छ, उबदार दिवसांना याच पक्ष्याच्या नावाने ओळखतात; ते जास्त करून जानेवारीत येतात. त्या काळात हवेचा दाब वाढतो आणि वारा पडतो. घरट्याची बाजू मात्र खरी नाही. खंड्या काठावरच्या मातीत बीळ कोरून अंडी घालतो.

दुसरा प्रश्न : मग कोकणातला नारळी पौर्णिमेनंतरचा समुद्र म्हणजे हेच ना?

उत्तर : जवळ जाणारं आहे, पण तेच नव्हे. नारळी पौर्णिमेनंतर मोसम पालटतो, होड्या बाहेर पडतात आणि पुढे महिनोन्‌महिने पडत राहतात. हॅल्सियननंतर वादळ परत येणार असतं. त्यामुळे मला 'उघडीप' हा शब्द सगळ्यांत बरोबर वाटतो. चार दिवस उघडीप मिळाली म्हणताना पाऊस संपला असं कुणीच समजत नाही.

अनुवादाबद्दल : त्या वर्षाच्या मागेपुढे लेखकाच्या आयुष्यात ओढाताण असेल तर 'उघडिपीचे दिवस' खुशाल लिहा. नुसतीच हळवी आठवण असेल तर 'निवांत दिवस' पुरे.

जाता जाता, विजेच्या तारेवर बसणारा, पांढऱ्या छातीचा, निळ्या पाठीचा आपला खंड्या शास्त्रीय नावात 'हॅल्सियन'च आहे. आणि पावसाळ्यात कोकणात घरटं करणारा चिमुकला तिबोटी खंड्या ज्या प्रजातीत मोडतो, तिचं नाव 'कीइक्स'.