९० दिवसांची नोटीस: हातात ऑफर नसताना पेपर टाकावा का?

घाटमाथा (धागाकर्ता)
आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या आयटी सर्व्हिस कंपन्यांत नोटीस पिरियड (राजीनाम्यानंतर काम करत राहायची मुदत) ९० दिवसांचा असतो. "दुसरी ऑफर आल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस" हा सल्ला जो तो देतो. माझं मत उलट आहे. अनुभव तीन ते आठ वर्षं, मागणी असलेलं स्किल आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, एवढं जमत असेल तर आधी पेपर टाकावा.

रिक्रूटर नोकरी डॉट कॉमवर शोधायला बसतो तेव्हा नोटीस पिरियडची चाळणी लावतो. '१५ दिवस किंवा कमी', '१ महिना', '३ महिने' असे पर्याय असतात आणि नोटीसवर असलेल्यांसाठी वेगळा पर्याय. जागा दीड महिन्यात भरायची असेल तर '३ महिने'वाल्याचा रेझ्युमे उघडलाच जात नाही. शिवाय तीन महिन्यांत हा माणूस आपली ऑफर दाखवून तिसरीकडे जाईल, ही भीती एचआरला असतेच.

पेपर टाकला की लास्ट वर्किंग डे ईमेलवर लेखी घ्या आणि त्याच दिवशी प्रोफाइल बदला. हेडलाइन अशी: 'जावा, स्प्रिंग बूट, ५ वर्षं, लास्ट वर्किंग डे १४ ऑगस्ट'. पहिल्या महिन्यात फोन कमीच येतात, कारण अजून ६० दिवस उरलेले असतात. घाबरू नका, तो महिना तयारीला द्या. खरी गडबड शेवटच्या ४५ दिवसांत सुरू होते.

कृष्णाकाठ
साफ असहमत. फोन वाढतात हे खरं, पण भाव उतरतो त्याचं काय? एचआरचा पहिला प्रश्न "दुसरी ऑफर आहे का?" आणि दुसरा "लास्ट वर्किंग डे कधी?" ऑफर नाही आणि १२ दिवस उरलेत, हे कळलं की ३५ टक्के वाढ मागणारा माणूस १० टक्क्यांवर येतो. राजीनामा मागे घेऊ म्हणाल, तर तो एकदा मंजूर झाला की मागे घेऊ द्यायचा की नाही हे बहुतेक ठिकाणी कंपनीच्या मर्जीवर.

सहा महिन्यांच्या खर्चाच्या हिशोबात लोक मेडिक्लेम विसरतात. कंपनीची ग्रुप पॉलिसी साधारण शेवटच्या दिवशीच संपते, आणि आई-वडील तिच्यातच असतात. नवीन वैयक्तिक पॉलिसीत अपघात सोडला तर पहिले ३० दिवस क्लेम मिळत नाही. आधीपासूनच्या मधुमेह-बीपीसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून पॉलिसी राजीनाम्याच्या आधी घ्या, नाहीतर ग्रुप पॉलिसी त्याच विमा कंपनीत वैयक्तिक करून घेता येते का ते नोकरीत असतानाच विचारा.

ग्रॅच्युइटीही बघा, ती साधारण पाच वर्षं पूर्ण केल्यावरच मिळते. ग्रॅच्युइटीसाठी धरलेला पगार ४८,००० आणि पाच वर्षं पूर्ण, तर ४८,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे सुमारे १ लाख ३८ हजार. चार वर्षं दोन महिन्यांवर पेपर टाकणाऱ्याने हा आकडा आधी कागदावर मांडावा.

मिठागर
दोघंही बायआउटबद्दल (उरलेल्या नोटीसचे पैसे भरून लवकर सुटण्याबद्दल) बोलत नाही आहात. ऑफर आधी मिळवा, मग नोटीस कमी करून घ्या.

अपॉइंटमेंट लेटर काढा आणि दोन गोष्टी वाचा. बायआउट हा तुमचा हक्क लिहिलाय की 'कंपनीच्या मान्यतेने'? आणि वसुली बेसिकवर (मूळ पगारावर) की ग्रॉसवर (भत्त्यांसह एकूण पगारावर)? ग्रॉस १,२०,००० आणि बेसिक ४८,००० असेल तर ४५ दिवसांचे बेसिकवर ७२,००० होतात, ग्रॉसवर १,८०,०००. नवी कंपनी ही रक्कम देणार असेल तर तसं ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या, वर्षाच्या आत सोडल्यास परत मागणार का तेही विचारा. फुल अँड फायनलमध्ये (नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशोबात) या वसुलीवर जीएसटी लावलेला दिसला तर आक्षेप घ्या. अशा वसुलीवर जीएसटी लागत नाही, असा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात केला आहे.

मॅनेजर अडवतो तो बिलिंगमुळे, म्हणजे तुमच्या कामाचे पैसे क्लायंटकडून मिळत असतात म्हणून. बेंचवरच्या (प्रोजेक्ट नसलेल्या) माणसाला सोडायला कोणी खळखळ करत नाही. क्लायंटकडे बिलेबल असाल तर केटीची (काम दुसऱ्याला शिकवून सोपवण्याची) शीट स्वतःच बनवा: मॉड्यूल, कोणाला शिकवायचं, कोणत्या तारखेपर्यंत. ती हातात घेऊन तारीख मागा. नुसतं "लवकर सोडा" म्हटलं की उत्तर 'नाही' येतं. आणि नोटीसमध्ये सुट्टी घेऊ नका, बऱ्याच ठिकाणी तेवढे दिवस पुढे ढकलले जातात.

कातळशिल्प
एवढा खटाटोप कशाला? कोर्ट कोणाला जबरदस्तीने कामाला लावत नाही. सरळ निघून जावं.

मिठागर
@कातळशिल्प, कामाला लावत नाही हे बरोबर. पैसे मात्र मागता येतात. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दलची २ लाखांची अट वैध धरली. ती सरकारी बँक होती, खासगी आयटी कंपनीचं प्रकरण तसंच जाईल असं नाही, पण 'करार म्हणजे रद्दी' हा समज सोडा.

रोजचा त्रास वेगळाच. रिलीव्हिंग लेटर (कंपनीने रीतसर मोकळं केल्याचं पत्र) अडकतं आणि पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे जुन्या नोकरीच्या पडताळणीत, लाल शेरा पडतो. पीएफमध्ये बाहेर पडल्याची तारीख कंपनीने टाकली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती यूएएन (पीएफ खात्याचा क्रमांक) पोर्टलवर स्वतः टाकता येते. रिलीव्हिंग लेटरला तसला पर्याय नाही.

घाटमाथा (धागाकर्ता)
@कृष्णाकाठ, मेडिक्लेमचा मुद्दा माझ्या अटींत जोडा: पॉलिसी आधी, पेपर नंतर. मूळ मत मात्र कायम. भाव उतरतो तो शेवटच्या पंधरवड्यात. ४० दिवस उरलेले असताना एक ऑफर घेतली, की पुढची बोलणी ऑफर हातात ठेवूनच होतात. बारा-पंधरा वर्षं अनुभवाच्या मॅनेजरने हे करू नये, त्या जागा मोजक्या आणि भरायला बरेच महिने लागतात. फक्त मॅन्युअल टेस्टिंग येत असेल त्यानेही नको.

कृष्णाकाठ
ती '४० दिवसांवरची ऑफर' लेटर ऑफ इंटेंट (नुसता इरादा सांगणारं पत्र) तर नाही ना, हे बघा. जॉइनिंगची तारीख, पद, पगारातल्या फिक्स्ड (ठरलेल्या) आणि व्हेरिएबल (कमी-जास्त होणाऱ्या) भागाची फोड आणि सही हे सगळं नसेल तर ती ऑफर धरू नका, इंटरव्ह्यू चालू ठेवा. जॉइनिंग पुढे ढकलल्याचा ईमेल लास्ट वर्किंग डे उलटल्यावर आला, तर जुन्या कंपनीत परतायची वाट जवळपास बंदच असते.