१/७२ लँकॅस्टर: काळ्या रंगावर वेदरिंग दिसतच नाहीये, काय करू?

पंखावाला

मंडळी, १/७२ स्केलचं लँकॅस्टरचं (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश बॉम्बर विमान) मॉडेल करतोय. जोडणी, पुट्टी, सँडिंग, प्राइमर सगळं आटपलं, वरून डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन मारला, खालून आणि बाजूंनी काळा, आणि आता वेदरिंगला, म्हणजे वापराने आलेला मळ-झीज दाखवायला, गाडी अडकलीय. काळा इतका गडद बसलाय की पॅनल लाइनच (पत्र्यांच्या जोडांच्या रेषा) काय, बॉम्ब बेचे (पोटातल्या बॉम्बकप्प्याचे) दरवाजे कुठे सुरू होतात तेही कळत नाही. नेहमीचा डार्क वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) टाकायचा तर त्यात दिसणार काय, कप्पाळ! फोटो बघायला गेलो तर एकतर म्युझियममधली चकाचक विमानं, नाहीतर लोकांनी सोलून काढलेली मॉडेल्स.

किटमध्ये आर५८६८ या विमानाचे म्हणजे एस फॉर शुगरचे डिकल (खुणा-अक्षरांचे स्टिकर) आहेत, दोन्ही काळातले, ८३ स्क्वॉड्रनचं ओएल-क्यू आणि ४६७ चं पीओ-एस. अजून ग्लॉस कोट (चकचकीत पारदर्शक थर) मारला नाही, डिकल लावले नाहीत. वॉश कुठला वापरू, चिपिंग (उडालेला रंग दाखवणं) किती करू, एक्झॉस्टचे डाग कसे काढू आणि हे सगळं डिकलच्या आधी का नंतर? एअरब्रश आहे, हात ठीकठाक.

टेलगनर

वॉशबिश नंतर, आधी ओएल-क्यू का पीओ-एस ते ठरव, कारण विमान तेच असलं तरी वेदरिंग एक नाहीये. ८३ कडे होतं तेव्हा १९४२ साल, विमान नवंकोरं. १९४३ मध्ये ४६७ कडे गेलं, मे १९४४ मध्ये शंभरावी मोहीम झाली आणि युद्ध संपेपर्यंत १३७. एकूण ७३७७ लँकॅस्टर बनली आणि त्यातली जवळजवळ निम्मी परत आली नाहीत, आरएएफच्या (ब्रिटिश हवाई दलाच्या) बॉम्बर कमांडची ५५,५७३ माणसं गेली, त्यामुळे म्हातारं झालेलं लँकॅस्टर हा प्रकारच दुर्मिळ. लोक सरसकट सगळ्या लँकॅस्टरना दहा वर्षं उन्हात पडल्यासारखं रंगवतात ते मला म्हणून पटत नाही. बहुतेकांना रंग उडायच्या आत विमानच गेलेलं असायचं. धूर आणि तेल मात्र पहिल्या काही फेऱ्यांतच लागतं.

तेव्हा ओएल-क्यू करणार असशील तर रंग ताजा ठेव, फक्त एक्झॉस्ट आणि इंजिनाखाली थोडं तेल. पीओ-एस करणार असशील तर हात सोडून कर, डार्क अर्थ फिका पडलेला, पॅनलपॅनलमध्ये फरक, नाकावर बॉम्बच्या खुणांच्या रांगा (आणि त्याखाली जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याची ती फुशारकी, शत्रूचं एकही विमान राइशवर, म्हणजे जर्मनीवर उडणार नाही म्हणे, लिहिणाऱ्याला मानलं बुवा). एवढी वर्षं उडालेल्या विमानाची इंजिनं आणि काउलिंगचे (इंजिनावरच्या आवरणाचे) पत्रे बदललेले असणार, त्यामुळे एकदोन काउलिंग बाकीच्यापेक्षा ताजी ठेवलीस तर छान दिसतं. स्क्वॉड्रन बदलल्यावर जुनी अक्षरं काळ्याने झाकली जायची, तिथे काळ्याचा अगदी पुसट वेगळा पट्टा दाखवता येईल, पण तो इतका पुसट हवा की सांगितल्याशिवाय कुणाला दिसू नये.

हे विमान आज लंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये उभं आहे, पण रंगासाठी त्याचे आजचे फोटो बघू नकोस, ते परत रंगवलेलं आहे. १९४४ चे ब्लॅक अँड व्हाइटच बघ.

मॅटकोट

काळ्याचं उत्तर असं की काळा काळा ठेवायचाच नाही. एवढ्या लहान स्केलला शुद्ध काळा मारला की सगळे आकार गिळून टाकतो. आता पूर्ण परत रंगवत बसू नका, त्याच काळ्यात थोडा गडद ग्रे आणि किंचित ब्राउन मिसळा, भरपूर थिनर घाला, प्रेशर कमी ठेवा (१०-१२ पीएसआय) आणि पॅनलच्या मधोमध वेडेवाकडे ढग मारत जा, कडा सोडून. पहिल्या थराला काही झालंय असं वाटणारच नाही, तरी दम धरा, तिसऱ्या चौथ्या थराला पृष्ठभाग जागा होतो. बॉम्ब बेचे दरवाजे खऱ्या विमानात जवळजवळ १० मीटर लांब, तुमच्याकडे १४ सेंमी, एवढा लांब सपाट भाग एकाच शेडचा राहिला तर बाकी कितीही मेहनत करा, खेळणंच वाटतं.

मग ग्लॉस, मग डिकल. सेटिंग सोल्युशन (डिकल मऊ करून बसवणारं द्रावण) लावा नाहीतर त्या लाल कोड लेटरखाली हवा राहून चंदेरी चमक येते, आणि काळ्यावर ती लांबूनही डोळ्यात खुपते. डिकल सुकले की वरून परत ग्लॉसचा एक हात, त्यानंतर वॉश. काळ्यावर वॉश काळा नाही, फिका. मी मिडियम ग्रेमध्ये थोडा मातकट रंग मिसळतो. इनॅमल वॉश असेल तर खालचा क्लिअर कोट अ‍ॅक्रिलिक किंवा लॅकर हवा, इनॅमलवर इनॅमल गेलं की पुसताना सगळंच निघून येतं. वरच्या बाजूला मात्र गडद ब्राउन वॉश. आणि पुसताना कापूस किंवा स्पंज हवेच्या दिशेने, पुढून मागे ओढा, जो राहतो तोच पाण्याचा-धुळीचा ओघळ वाटतो, फुकटात काम.

मॅट कोट सगळ्यात शेवटी, पण लक्षात ठेवा, मॅटने रंगांचा फरक बदललेला दिसतो आणि पिगमेंट पावडर (धूळ-धूर दाखवायची रंगीत पूड) तर अर्धी गायब होते. म्हणून पावडर मॅटच्या नंतर.

निगेटिव्ह_जी

चिपिंगबद्दल माझं मत थोडं खडूस आहे. स्केलपट्टी घे आणि १ मिमी बघ. १/७२ मध्ये तो १ मिमी म्हणजे खऱ्या विमानावर ७.२ सेंमी, तळहाताएवढा रंग उडालेला! आता ब्रशने ठिपके मारायचे का ते तूच ठरव. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा फाडून, सिल्व्हर लावून, कागदावर जवळजवळ कोरडा करून मग हलकेच टेकव, आणि तेही फक्त जिथे कारण आहे तिथे. उजवीकडे मागे आत शिरायचा दरवाजा आहे, त्याच्या उंबऱ्यावर सात जण बूट घासत चढणार. इंजिनाभोवती, जिथे मेकॅनिक काउलिंग काढतात घालतात. इंधन भरायच्या झाकणांभोवती. बस. विमान अ‍ॅल्युमिनियमचं आहे, केशरी गंज दिसला की मी फोटो बंद करतो.

@मॅटकोट हेअरस्प्रे चिपिंग (हेअरस्प्रेच्या थरावर रंग मारून तो पाण्याने उडवणं) सुचवलं नाहीत ते बरं केलंत, वरून मारलेला रंग लॅकर असेल तर पाण्याने निघतच नाही आणि १/७२ ला ते तसंही आवरत नाही.

पंखावाला

७.२ सेंमीचा हिशोब डोक्यातच आला नव्हता, आता बाकीची मॉडेल्स बघवत नाहीत. पीओ-एस ठरलं, मे १९४४ च्या सुमाराचं. एक्झॉस्ट कुणी सांगेल का? फोटोत कधी काळा दिसतो, कधी पांढरट.

टेलगनर

दोन्ही बरोबर. पेट्रोलमध्ये शिसं असायचं, क्रूझला मिश्रण पातळ केलं की एक्झॉस्टचा थर फिका राखाडी-मातकट बसतो, इंजिन जास्त इंधन पीत असेल तेव्हा काजळी. म्हणून आधी काळपट ब्राउनचा रुंद पट्टा मार, सुकू दे, मग त्याच्या आत मधोमध फिका टॅन-ग्रे, त्याहून अरुंद. रंग अगदी पाण्यासारखा पातळ, जवळून, एक्झॉस्टच्या तोंडाशी सुरू करून मागे जाता जाता हात उचलत जायचं. पंखाच्या वरच्या बाजूला कॅमोफ्लाज पुसट होईल एवढा गेला तरी चालतो, खऱ्या फोटोत तसाच आहे.

लँकॅस्टरचं मर्लिन इंजिन व्ही-१२ आहे, सिलिंडरच्या दोन रांगा, म्हणजे प्रत्येक इंजिनाला दोन्ही बाजूंनी एक्झॉस्ट, चार इंजिनांचे आठ पट्टे. आणि आठही सारखे काढू नकोस. चारही पंखे एकाच दिशेने फिरतात, त्यामुळे हवा पिळली जाते आणि डावीकडचे डाग उजवीकडच्यांचं प्रतिबिंब नसतात. एका पंखाचे डाग काढून दुसऱ्यावर तसेच उलटे छापले की जाणकाराच्या लगेच लक्षात येतं.

मॅटकोट

आणि टरेट (बंदुकांचे काचेचे घुमट), कॉकपिटचं मास्किंग (काचा झाकणारी पट्टी) मॅट कोट झाल्यावरच काढा. काचा चिकटवायला सुपरग्लू नको, वाफेने आतून धुरकट होतात, पांढरा डिंकच बरा.

पंखावाला

मास्क अजून जागेवरच आहेत, वाचलो. उद्या काळ्याचे ढग मारायला घेतो. टेलव्हीलचा टायर मधून खाचेचा आहे तो किटची चूक का खराच तसा?

निगेटिव्ह_जी

खराच तसा, दोन कडांवर टेकणारा, चाक थरथरू नये म्हणून. खाचेत पुट्टी भरू नकोस.