ओपन डे झाला, आता त्याचं मूल्यमापन कसं करायचं?

प्रश्न (प्रवेशकक्ष_१)

विद्यापीठाचा ओपन डे (प्रवेशेच्छुक विद्यार्थी-पालकांना विद्यापीठ दाखवण्याचा दिवस) पार पडला. ऑनलाइन नोंदणी १,२००, दारावर क्यूआर स्कॅन ७१०, फीडबॅक फॉर्म आले ९४. समाधानाची सरासरी ५ पैकी ४.६. अहवाल द्यायचा आहे आणि वरिष्ठांचा प्रश्न एकच: याचा प्रवेशांवर किती परिणाम झाला? हातात एवढंच आहे. यातून काय सांगता येईल आणि काय सांगू नये?

आकडेमोड

४.६ पहिल्या पानावर टाकू नका. ७१० पैकी ९४ म्हणजे जेमतेम १३ टक्के. फॉर्म बाहेर पडताना वाटले असतील तर ते शेवटपर्यंत थांबलेल्यांचं मत आहे. कंटाळून तासाभरात निघून गेलेले त्यात नाहीतच. फॉर्मच्या वेळा बघा. बहुतेक शेवटच्या तासाभरातले निघाले तर तसं अहवालात लिहा.

दुसरं, ७१० हा आकडा नेमका कुणाचा? मुलगी, आई, बाबा असे तिघं आले तर स्कॅन एक की तीन? नोंदणीतला मोबाइल नंबर आणि ईमेल जुळवून कुटुंबं वेगळी काढा आणि त्यात प्रवेशेच्छुक विद्यार्थी किती ते मोजा. पुढचा सगळा हिशोब विद्यार्थ्यांवर करायचा, डोक्यांवर नाही. हे आधी केलं नाही तर खालची प्रत्येक टक्केवारी चुकते.

न आलेल्यांची यादी फेकू नका, ती सगळ्यात कामाची आहे. त्यांना आणि आलेल्यांना आठवड्याच्या आत तीन प्रश्नांचा छोटा फॉर्म पाठवा. आलेल्यांना विचारा: कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही? न आलेल्यांना: येणं का जमलं नाही?

तिसरा_तक्ता

प्रवेशांबद्दल. ‘आलेल्यांपैकी ३० टक्क्यांनी अर्ज केला, म्हणजे ओपन डे यशस्वी’ ही नेहमीची चूक. येणारा मुळातच उत्सुक असतो, त्यातले बरेच जण न येताही अर्ज करणार होते. तुलना करायची ती नोंदणी करून न आलेल्यांशी. समजा, ५०० विद्यार्थी आले आणि १५० जणांनी अर्ज केला, म्हणजे ३० टक्के. ३०० आले नाहीत, त्यातल्या ६० जणांनी केला, म्हणजे २० टक्के. फरक १० टक्क्यांचा, म्हणजे ५०० मागे ५० अर्ज. तोसुद्धा ‘जास्तीत जास्त’ म्हणून सांगा, कारण प्रवास करून येणारे न येणाऱ्यांपेक्षा आधीच उत्सुक असतात. अंतर आणि अभ्यासक्रमाप्रमाणे गट पाडून तुलना केली की हा दोष थोडा कमी होतो, जात नाही.

अर्जांशी जुळवणी नावावरून करू नका, स्पेलिंग हमखास वेगळं असतं. ईमेल आणि जन्मतारीख एकत्र वापरा. आणि ही जुळवणी करणार असल्याचं नोंदणीच्या वेळी सांगून संमती घेतली होती का, हे आधी तपासा. नसेल तर यंदा फक्त एकूण आकडे द्या आणि पुढच्या फॉर्ममध्ये ती ओळ घाला.

अर्जांची मुदत संपल्याशिवाय वरिष्ठांच्या प्रश्नाचं उत्तर नाही. आत्ता व्यवस्थेचा अहवाल द्या, परिणामाचा नंतर.

रांगवाला

व्यवस्थेतलं बरंच काही फॉर्मशिवाय कळतं. विद्यार्थी स्वयंसेवकांना ४८ तासांच्या आत बसवा आणि लोकांनी विचारलेले प्रश्न जसेच्या तसे लिहून घ्या. प्राध्यापकांसोबत नको, वेगळे बसवा. समोर विभागप्रमुख असताना ‘सरांचं व्याख्यान लांबलं’ असं कोण बोलणार? वसतिगृहाच्या शुल्काबद्दल पाच टेबलांवर विचारणा झाली असेल तर दोष टेबलांचा नाही, वेबसाइटचा.

रांगेचा अंदाज फोटोंवरूनही निघतो. रांगेत ४० जण आणि टेबलावरून मिनिटाला २ मोकळे होत असतील, तर शेवटच्याला २० मिनिटं थांबावं लागतं. व्याख्यानांची डोकी मात्र पुढच्या वेळी सुरू झाल्यावर १० मिनिटांनी आणि संपण्याआधी ५ मिनिटं, अशी दोनदा मोजा. किती उठून गेले ते त्यातच दिसतं.

प्रवेशकक्ष_१

आभार. विभागवार सरासरी मागितली आहे. एका विभागाचे ९ फॉर्म, सरासरी ४.९, दुसऱ्याचे ११, सरासरी ४.२. क्रमवारी लावावी का?

आकडेमोड

अजिबात नको. ९ फॉर्ममध्ये एकाच माणसाने ५ ऐवजी १ दिला तर सरासरी ०.४४ ने घसरते. ३० च्या खाली फॉर्म असतील तर सरासरी न छापता लिहिलेले शब्द वाचा. १०० फॉर्मवरही टक्केवारी साधारण १० टक्के इकडेतिकडे होऊ शकते, ४०० वर ५. तेही नमुना यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा असेल तरच, आणि तुमचा तसा नाही.

फॉर्मही बदला. ‘माहिती आणि व्यवस्था समाधानकारक होती का?’ हे दोन प्रश्न आहेत, उत्तर कशाचं ते कळत नाही. त्याऐवजी ‘अर्ज करण्याचा विचार किती पक्का आहे?’ हे १ ते ५ मध्ये नोंदणीच्या वेळी विचारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. आधीच ५ देणाऱ्यांना वर जायला जागा नसते, ते वेगळे मोजा. आणि ज्यांचा आकडा खाली आला त्यांना फोन करा, फॉर्म पाठवू नका.