घरातल्या इन्शुलिनच्या सुया आणि घंटागाडी

राजारामपुरी_सिस्टर:
काल इथंच एकानं लिहिलं, "घरच्या चार सुयांचा बाऊ कशाला, टोपी लावून ओल्या कचऱ्यात टाकायच्या." डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहिते. २० वर्षं वॉर्डात काढलीत. टोपी निसटते आणि पिशवी उचलणाऱ्याच्या हातात सुई घुसते. सुईवर हिपॅटायटिस बी, म्हणजे काविळीचा विषाणू, असेल आणि लस घेतलेली नसेल, तर १०० पैकी ३० जणांपर्यंत लागण होऊ शकते. सुईवर एचआयव्ही असेल तर १००० मध्ये ३. आम्हाला दवाखान्यात सुयांसाठी पांढरा कडक डबा असतो, लस असते. गाडीवरच्या मावशीला काय असतं?

शुक्रवारपेठ_आप्पा:
मीच लिहिलं हुतं. १२ वर्षं साखर हाय मला, ना कावीळ ना एड्स. २०१९ च्या महापुरात आमच्या दारात सलाईनच्या बाटल्या तरंगत आल्या, त्या काय माझ्या घरातल्या? आधी दवाखान्यांना धरा.

राजारामपुरी_सिस्टर:
धराच त्यांना, मी आडवी येणार नाही. पण सुई टोचली की ती कुणाची हे मावशीला कसं कळणार? ७२ तासांच्या आत एचआयव्ही टाळायच्या गोळ्या सुरू करून २८ दिवस घ्याव्या लागतात.

गाडीवालीचा_पोरगा:
नुसतं सुया सुया काय करताय? हातमोज्यांवर बोला की कोणीतरी! पातळ रबराचे देतात, सुई आरपार जाते. माझ्या आईला टोचली तर मुकादम म्हणाला, "सोड गं, एवढंसं तर आहे." रोज बुडवून मीच तिला दवाखान्यात नेलं. शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत तिनं नातवाला मांडीवर घेतलं नाही. आम्ही सांगून दमलो. तुमच्या नियमांनी तिचे ते महिने परत येणार आहेत का?

औषधदुकान_लक्ष्मीपुरी:
लोक सुया आमच्या काउंटरवर आणून ओततात. आम्ही कुठं ठेवायच्या? २०१६ च्या घनकचरा नियमांतच सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, वेगळ्या गोळा करायचं काम पालिकेवर दिलं होतं. आमच्यावर ढकलू नका.

राजारामपुरी_सिस्टर:
दादा, हातमोज्यांचं पटलं. मी तो विषय सोडायला नको होता.

शुक्रवारपेठ_आप्पा:
फिनेलची जाड बाटली हाय घरात, तिच्यात टाकीन. त्या माउलीसाठी. दवाखान्यांचं माझं म्हणणं मागं घेत न्हाई. आन् बाटली भरल्यावर द्यायची कुणाला, ते पालिकेनं सांगावं.

गाडीवालीचा_पोरगा:
तोवर झाकण घट्ट लावा आणि वर मोठ्या अक्षरात 'सुया' लिहा. आईला वाचता येतं.