नाशिकमध्ये राहून लोकसंगीताच्या बँडमध्ये पूर्णवेळ गाता येईल का?

गोदाकाठची (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकमधील पाच जणांच्या एका स्वतंत्र बँडमध्ये गाते. गोंधळ, भारूड, जात्यावरच्या ओव्या आणि सुरगाणा-कळवण भागातील काही आदिवासी गीते आम्ही संबळ, गिटार, बास आणि ड्रम यांच्या साथीने सादर करतो. दिवसा मी एका शाळेत संगीत शिकवते. अलीकडे पुण्या-मुंबईच्या सुपाऱ्या (कार्यक्रमांची बोलावणी) वाढल्या असून मी नोकरी सोडावी असा इतर सदस्यांचा आग्रह आहे. शाळेचा पगार सोडून कोणी गोंधळ घालायला जात नाही, असे आईचे मत आहे. निर्णय घेण्यापूर्वी दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. लागोपाठ दोन दिवस कार्यक्रम झाले की तिसऱ्या दिवशी तार सप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, माझा आवाज फाटतो. यात रियाज कमी पडतो की आमची मांडणीच चुकते? आणि मानधनाचे पाच समान वाटे करणे गायिकेच्या दृष्टीने योग्य आहे का?

संबळवाला

ताई, आपण रियाजाला दोष देण्याआधी पट्टी, म्हणजे ज्या स्वराला 'सा' धरून गाता तो स्वर, तपासून पाहावी. बँडमध्ये पट्टी बहुधा गिटारवादकाच्या सोयीने ठरते आणि गायिकेने ती निभावून न्यावी अशी अपेक्षा असते. आपली गाणी पांढरी सहामध्ये (पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीच्या स्वरात) बसवली असतील आणि आपला गळा त्याहून अर्ध्या स्वराने खालच्या काळी चारला मोकळा लागत असेल, तर एवढासा फरकही दीड तासाच्या कार्यक्रमात गळ्याला जड जातो, कारण गोंधळाची चाल पुन्हा पुन्हा वरच्या षड्जाला ('सा'ला) जाऊन तिथेच रेंगाळते. यावर उपाय अगदी साधा आहे. गिटारवर पांढरी पाचच्या मोकळ्या पकडी धरून पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला की काळी चार मिळते आणि वादकाला बोटे बदलावी लागत नाहीत.

दुसरे कारण आम्हा संबळवाल्यांचे आहे. संबळाचा आवाज टोकदार असतो आणि त्यात ड्रमच्या झांजांची भर पडली की गायिकेला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, मग ती नकळत ओरडू लागते. संबळ आपल्या माइकपासून शक्य तितका दूर बसवावा आणि आपल्या मॉनिटरमध्ये (गायिकेकडे तोंड केलेल्या मंचावरच्या स्पीकरमध्ये) आपला आवाज व एक सुरेल वाद्य एवढेच मागावे. ध्वनिक्षेपकाच्या नियमानुसार उघड्यावरचा कार्यक्रम एरवी रात्री दहाला थांबवावा लागतो, आणि आधीची भाषणे लांबली की सर्वप्रथम साऊंडचेकवर गदा येते. म्हणून साऊंडचेकची वेळ आयोजकाकडून लेखी घ्यावी. हिवाळ्यात गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरीच्या हिरवळीवर गाताना कोरडी, थंड हवा थेट घशात जाते, त्याचाही परिणाम होतो. निफाडचा पारा किती खाली उतरतो हे आपल्याला सांगायला नकोच. आवाजातील घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर घरगुती काढे बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू तपासून घ्यावेत.

विसार आधी

वाट्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे. समान वाटा दिसायला न्याय्य असतो, परंतु आपला ड्रमवादक त्याच आठवड्यात दुसऱ्या दोन ग्रुपसोबत वाजवू शकतो. आपण मात्र शुक्रवारी मुंबईत गाऊन, पहाटे कसारा घाट चढून घरी आलात, तर शनिवारी दुसरी सुपारी घेणे म्हणजे रविवारचा गळा विकणे होय. विश्रांतीचे ते दिवस आपल्या मानधनात धरलेले असले पाहिजेत. मी व्यवस्थापन पाहतो त्या मंडळींमध्ये आधी प्रवास आणि साऊंडचा खर्च वजा होतो, मग बँडच्या निधीसाठी रक्कम बाजूला काढली जाते, आणि उरलेल्या रकमेत गायकाचा वाटा थोडा मोठा असतो. यावर भांडणे होतात, पण ती सुरुवातीलाच झालेली बरी.

नोकरी सोडण्याआधी एका पूर्ण वर्षाचा हिशेब मांडावा. गणपती-नवरात्रापासून लग्नसराई आणि चैत्रातल्या यात्रांपर्यंतचे महिने पाहून पगाराशी तुलना केली, तर गणित सोपे वाटते. आषाढात तेच गणित कोसळते. लोककलेच्या सादरीकरणाचे मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असेल, तर कलाकाराला त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. मात्र आपली ड्रम-गिटारची मांडणी त्यात बसते का, हे कर सल्लागाराला विचारावे. ध्वनिमुद्रणे कोणाच्या नावाच्या खात्यावरून ऑनलाइन जातात, हेही पाहावे. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापरातील स्वामित्वधनात (रॉयल्टीत) सादरकर्त्यालाही हक्क आहे, पण पाच जणांत लेखी काहीच नसेल तर पैसे खातेदाराकडेच राहतात.

कळवणकर

वरील दोन्ही प्रतिसादांत गाणी आली कुठून, हा प्रश्न राहून गेला. आमच्याकडे मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. त्यातील पावरी या आदिवासी सुषिरवाद्याच्या सुरावरची गाणी व्रत धरलेली माणसे गातात, ती करमणुकीची नसतात. अशी गाणी मंचावर घ्यावीत की नाही, हे ज्यांची आहेत त्यांना विचारूनच ठरवावे. लग्नातली किंवा शेतातली गाणी गायला सहसा कोणाची हरकत नसते. ज्या आजीकडून गाणे शिकलात तिचे व गावाचे नाव, तिची संमती असेल तर, मंचावर घ्यावे आणि ध्वनिमुद्रणातून काही मिळाले तर तिचाही वाटा काढावा.

आणखी एक. सिन्नर तालुक्यातील देशवंडीच्या लोककवी वामनदादा कर्डकांची गीते इतकी रुळली आहेत की अनेक बँड ती पारंपरिक समजून गातात. वामनदादा २००४ साली गेले, म्हणजे त्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत आहेत. तेव्हा 'पारंपरिक' असे लिहून मोकळे होता येणार नाही.

गोदाकाठची

सर्वांचे आभार. आमची पट्टी खरोखरच पांढरी सहा आहे. मात्र बासवादकाचे म्हणणे असे की पट्टी उतरवली की गाण्याचा जोश जातो. नोकरीबाबत शाळेत अर्धवेळ काम मागावे, असे आता वाटते.

संबळवाला

जोश चालीत आणि ठेक्यात असतो, ताई. बासवादकाला स्वतःला पांढरी सहामध्ये ते गाणे सलग दोनदा गाऊन दाखवायला सांगावे. त्यानंतरही मतभेद राहिला, तर गोंधळ खालच्या पट्टीत घेऊन शेवटचे एकच गाणे वर ठेवावे, आणि अशा कार्यक्रमानंतर पुढचा दिवस रिकामा राहील हे सुपारी घेतानाच ठरवावे. अर्धवेळ नोकरीचा विचार चांगला आहे, फक्त सकाळची पाळी घेऊ नये.