ग्रिलमधल्या कुंड्या, पावसाच्या आधी

(मुलुंड, सोसायटीचा ग्रुप, मे अखेरचा रविवार)

ए-१०२ ताई: मंडळी, एक विनंती. वरच्या ग्रिलमध्ये पाणी घातलं की खाली वाळत घातलेल्या कपड्यांवर तपकिरी थेंब पडतात आणि ते डाग धुऊनही जात नाहीत. झाडं हवीतच. पण यावर काही उपाय आहे का?

बी-६०३ काकू: आहे, ताई. तपकिरी डाग मातीचा नसतो, न धुतलेल्या कोकोपीटचा असतो, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, जो विटेसारखा दाबून विकतात. वीट भिजवली की पहिलं पाणी काळ्या चहासारखं निघतं. ते फेकायचं, पुन्हा पाणी घालून पिळायचं. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला रंग उतरतो आणि सोबत मीठही जातं. नारळाचा काथ्या बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात कुजवलेला असतो, म्हणून न धुतलेल्या कोकोपीटमध्ये नाजूक रोपांच्या पानांच्या कडा करपतात. ६५० ग्रॅमच्या विटेला ३ ते साडेतीन लिटर पाणी लागतं आणि तिचं ८-९ लिटर कोकोपीट होतं.

दुसरं म्हणजे, पाणी टपकतं ते दर वेळी जास्त घातल्यामुळेच असं नाही. उन्हाळ्यात कुंडी एकदा खडखडीत सुकली की आतला गोळा आक्रसतो आणि कुंडीच्या कडेला बोटाएवढी फट पडते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली. खालच्यांचे कपडे भिजतात आणि झाडाची मुळं कोरडीच राहतात. माणसाला वाटतं, पाणी तर रोज घालतोय, मग झाड का मान टाकतंय? अशा वेळी आधी अर्धा कप पाणी गोल फिरवून घाला, दहा मिनिटं थांबा, मग उरलेलं घाला. अगदीच सुकली असेल तर कुंडी बादलीत २० मिनिटं बुडवा. बुडबुडे यायचे थांबले की काढा, बाथरूममध्ये निथळू द्या आणि मगच ग्रिलमध्ये ठेवा.

ए-१०२ ताई: हे माहीतच नव्हतं. धन्यवाद काकू.

सी-७०१ काका: पाण्याची वेळ सकाळी सातच्या आत ठेवली तर कपड्यांचा प्रश्नच येत नाही. प्लेट कुंडीच्या तळापेक्षा निदान २ इंच रुंद हवी. आता महत्त्वाचं, वजन. १२ इंची कुंडीत साधारण १५ लिटर माल मावतो. नुसती लाल माती भरली आणि ती भिजली की कुंडी २५ किलोच्या घरात जाते. अशा चार कुंड्या म्हणजे सिमेंटच्या दोन गोण्या ग्रिलला टांगल्यासारख्या! आपल्या ग्रिल भिंतीला चार-सहा अँकरवर आहेत आणि खालच्या पट्ट्या पावसाळ्यात गंजतात. कुंडी उचलून खालची पट्टी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पापुद्रे सुटले तर तिथे कुंडी नको. पट्टीवर रंग मारून घ्या आणि कुंडीखाली प्लास्टिकची जाळी ठेवा म्हणजे हवा खेळेल. ग्रिलच्या बाहेर छज्ज्यावर कुंडी ठेवायची नाही, हे सगळ्यांनी पाळायलाच हवं. सातव्या मजल्यावरचा जूनमधला वारा रोपासकट कुंडी उलथवतो.

बी-३०४: काका, मग माती कुठली भरायची?

सी-७०१ काका: लाल माती ३ भाग, धुतलेलं कोकोपीट ३, गांडूळखत किंवा घरचं कंपोस्ट ३, परलाईट (पांढरे, हलके, फुगवलेले खडे) १. परलाईट नसेल तर जाड रेती, पण ती जड पडते. १२ इंची कुंडीला वर मूठभर निंबोळी पेंड. ही कुंडी भिजल्यावर १५-१६ किलोची होते. तळाच्या भोकांवर खापरीचा तुकडा उपडा ठेवायचा, खडीचा थर घालायचा नाही. खडीमुळे निचरा सुधारत नाही, उलट ओली माती आणखी वर येऊन मुळांच्या जवळ थांबते. हा गैरसमज फार पसरलाय.

बी-३०४: कढीपत्ता पिवळा पडतोय. ताक घालायला सांगतात, घालू का?

बी-६०३ काकू: थांबा, आधी कुठली पानं पिवळी ते बघा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र कमी पडतंय, दोन मुठी गांडूळखत पुरेल. कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह कमी. आणि माती ओली असूनही सगळंच झाड मरगळलं असेल तर मुळं कुजली आहेत, खत घातलं तर नुकसानच. कुंडीचं भोक बोटाने तपासा, बरेचदा मुळांनीच ते बुजलेलं असतं.

लोहाचं कारण आपल्याकडे बहुतेक पाणी असतं. खालच्या बागेच्या नळाला बोअरवेलचं पाणी आहे. ते वर्षभर घातलं की मातीवर पांढरी साय धरते, माती अल्कधर्मी होते आणि लोह असूनही मुळांना घेता येत नाही. पालिकेचं पाणी भातसा-तानसा-वैतरणेचं, त्यात क्षार कमी, झाडांना तेच चांगलं. पांढरी साय दिसली तर वरची इंचभर माती काढून टाका आणि कुंडीच्या दुप्पट पाणी एकदा सावकाश ओतून क्षार धुऊन काढा, पण ग्रिलमध्ये नाही, बाथरूममध्ये. मग चिलेटेड आयर्न (झाडाला सहज घेता येईल असं लोह) लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, पानांवर संध्याकाळी फवारा. ताक चालेल, पण १ ला १० पाणी आणि महिन्यातून एकदा. घट्ट आंबट ताक ग्रिलमध्ये ओतलं की वास सुटतो, माश्या येतात.

तोडतानाही पानं ओरबाडू नका. शेंडा डोळ्याच्या, म्हणजे पानाच्या बगलेतल्या कोंबाच्या, वर कात्रीने कापा, तिथून दोन फांद्या फुटतात. कळ्या आल्या की खुडा, नाहीतर झाडाचा सगळा जोर फळांकडे जातो.

सी-७०१ काका: ऊन किती, हेही बघायला हवं. मुंबईत १५ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या शेवटी दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मधल्या अडीच महिन्यांत तो किंचित उत्तरेला असतो. म्हणून उत्तरेच्या खिडकीला याच काळात सकाळ-संध्याकाळ थोडं ऊन शिरतं आणि दक्षिणेच्या ग्रिलला छज्ज्यामुळे जवळजवळ नाहीच. डिसेंबरमध्ये बरोबर उलट, दक्षिणेचं ऊन हॉलच्या मध्यापर्यंत येतं. नोव्हेंबरमध्ये ऊन बघून जागा ठरवली की मे महिन्यात झाड फुलत नाही ते यामुळे. मोगऱ्याला पूर्व किंवा पश्चिमेची खिडकी द्या. उत्तरेला मनीप्लांट, पुदिना, गवती चहा. गवती चहा तिथे थोडा लवलवीत होतो, पण चहापुरता पुरतो.

ए-४०५ वहिनी: मोगऱ्याला नुसती पानंच पानं, फूल एक नाही.

बी-६०३ काकू: नत्र जास्त झालंय, वहिनी. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, त्यामुळे छाटणी हीच त्याची गुरुकिल्ली. मोठी छाटणी जानेवारीअखेर: सगळ्या फांद्या एक तृतीयांश कापा, उरलेली पानं काढा, आठ-दहा दिवस पाणी अगदी थोडं. पालवी दिसली की पाणी नेहमीसारखं, सोबत दोन मुठी गांडूळखत आणि चमचाभर बोनमील (हाडांची पूड). मार्चपासून कळ्या. प्रत्येक बहर संपला की फुलाखालच्या पानांच्या दोन जोड्यांसकट शेंडा कापा, पुन्हा फूट येते. आत्ता कापलंत तर आणखी एक बहर मिळू शकेल. संध्याकाळी खिडकीपाशी बसून बघा: दिवसभर हिरवट, टोकदार असलेली कळी दिवेलागणीला पांढरी, टपोरी होते आणि रात्री उमलते. सगळा खटाटोप त्या वासासाठी.

बी-३०४: आणि जास्वंदीवर कापसासारखं काहीतरी?

सी-७०१ काका: पिठ्या ढेकूण. फांदीवर मुंग्यांची रांग दिसेल. मुंग्या त्याचा गोड चिकटा खातात आणि त्याला राखतात, म्हणून मुंग्यांचाही बंदोबस्त हवा. आधी नळाच्या जोराच्या धारेने धुवा, मग १ लिटर कोमट पाण्यात दीड-दोन मिली भांडी घासायचं लिक्विड विरघळवा आणि त्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल. क्रम उलटा केला तर तेल तरंगत राहतं आणि फवाऱ्यातून नुसतं पाणी जातं. फवारा उन्हं उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने. अंडी यातून वाचतात, म्हणून दर सहा-सात दिवसांनी तीन वेळा. एकदा मारून सोडलं की पंधरा दिवसांत पुन्हा हजर.

सी-२०२: लहान मुलांसोबत करण्यासारखं काही सांगा ना. लवकर दिसायला हवं.

बी-६०३ काकू: समुद्रमेथी! भाजीवालीकडे वाळूसकट छोट्या जुड्या मिळतात ना, तीच. १२ बाय ९ इंचाचा, ३ इंच खोल ट्रे, तळाला भोकं. अर्धं धुतलेलं कोकोपीट आणि अर्धी धुतलेली रेती. घरातल्या मेथीचे दोन मोठे चमचे दाणे, साधारण २५ ग्रॅम, रात्रभर भिजवा. एकावर एक न येतील असे पसरा, वर रेतीचा पातळ थर. दिवसातून दोनदा स्प्रेने पाणी, ओतायचं नाही, नाहीतर दाणे एका कोपऱ्यात वाहतात. दोन-तीन दिवसांत मोड वर येतात आणि पानं टरफलाची टोपी डोक्यावर घेऊनच बाहेर पडतात. मुलांना ते जरूर दाखवा. १० ते १२ दिवसांत तीन इंच झाली की मुळासकट उपटून धुवा. रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडली तर पाणी जास्त आणि हवा कमी, तो ट्रे टाकून द्या, माती पुन्हा वापरू नका. पावसाळ्यात ट्रे खिडकीच्या आतच ठेवा. कोथिंबीर मात्र आत्ता नको, ती नोव्हेंबरात.

सी-२०२: आमच्या लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या अळ्या आहेत. फवारू?

बी-६०३ काकू: नका फवारू, ती फुलपाखराची अळी आहे! लिंबू, कढीपत्ता, बेल या घराण्यावर लाईम बटरफ्लाय आणि मॉरमॉन अंडी घालतात. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, तेही लिंबावर येतं आणि नॅशनल पार्क आपल्या पाठीशीच आहे. लहानपणी अळी तशीच दिसते म्हणजे पक्षी खात नाहीत, मोठी झाली की हिरवीगार. काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून दोन टोकांचं शिंग काढते आणि उग्र वास येतो. झाड कमरेएवढं असेल तर दोन-तीन अळ्या ठेवा, बाकीच्या खालच्या बागेतल्या लिंबावर सोडा. वीतभर रोप असेल तर सगळ्या हलवा, दोन दिवसांत फक्त काड्या उरतील.

सी-७०१ काका: शेवटचं, पण टाळता न येणारं. मुंबईत पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्याआधी ग्रिलमधल्या सगळ्या प्लेटा काढून घरात ठेवा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या कडेला चिकटतात आणि सुकली तरी महिनोन्‌महिने जगतात, त्यामुळे प्लेट नुसती ओतून चालत नाही, घासायला लागते. मनीप्लांटच्या बाटल्या, बांबूच्या बरण्या यांचं पाणी दर आठवड्याला बदला आणि आतून ब्रश फिरवा. पालिकेचे लोक तपासायला येतात तेव्हा आधी तिथेच बघतात.

ए-१०२ ताई: प्लेटा काढल्या की पावसात पाणी आमच्याकडेच येणार ना, काका?

सी-७०१ काका: पावसात कुणाचे कपडे बाहेर नसतात, ताई. आणि ज्यांच्या कुंड्या तुमच्या दोरीच्या बरोबर वर आहेत, त्यांनी त्या एक फूट डावीकडे सरकवाव्यात. ३०४, ४०५, चालेल?

बी-३०४: हो काका, आजच सरकवते.

ए-४०५ वहिनी: आमच्याही. आणि कोकोपीट एकत्र मागवूया का? ५ किलोची वीट घेतली तर चार घरांना पुरेल.

बी-६०३ काकू: घेऊया. शनिवारी सकाळी पंपाशेजारी भिजवू. मोठा पिंप आणि नुसतं भिजवायलाच २५ लिटर पाणी लागेल, पालिकेच्या नळाचं, बोअरवेलचं नाही. ज्यांना हवं त्यांनी झाकणाची बादली आणा. धुतलेलं पाणी गेटजवळच्या नारळाला घालू, त्याला ते मानवतं.