साडेसात वर्षांचा मुलगा कपडे चघळतो, मदत हवी आहे

नमस्कार. माझा मुलगा साडेसात वर्षांचा आहे, दुसरीत आहे. गेले चार महिने तो कपडे चघळतोय. सुरुवातीला कॉलरचं टोक ओलं दिसायचं. आता टी-शर्टचा गळा, उजवी बाही, टोपीच्या जॅकेटची दोरी, जे तोंडाशी येईल ते. परवा कपड्यांच्या घड्या घालताना बघितलं तर सहा शर्टांच्या गळ्याला भोकं होती. एका कॉलरचं टोक तर पेराएवढं गायब. ते थुंकलं की गिळलं, त्याला आठवत नाही. त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

चित्र काढताना, खेळताना तो असं अजिबात करत नाही. मोठ्याने वाचायला सांगितलं, घरात अनोळखी माणसं आली किंवा आम्हा नवरा-बायकोचा आवाज चढला, की हात आपोआप गळ्याशी जातो. "तोंडातून काढ" म्हटलं की दचकतो, काढतो, आणि दोन मिनिटांत पुन्हा तेच. शाळेतून येतो तेव्हा शर्ट छातीपर्यंत ओला असतो. हनुवटीखाली लाल पुरळ उठलंय.

रागावून झालं, बक्षीस लावून झालं. मग नखं खाऊ नयेत म्हणून लावतात ते कडू औषध कॉलरला लावलं. कॉलर सुटली खरी, पण त्याच दिवशी त्याने नखं कुरतडायला घेतली, तीही रक्त येईपर्यंत. मी बाटली फेकून दिली. शाळेत बाईंनी सगळ्यांसमोर "तू काय बाळ आहेस का?" असं विचारलं. तेव्हापासून रोज सकाळी पोट दुखतं म्हणतो.

चघळायला मिळतं ते सिलिकॉनचं पेंडंट द्यावं का? त्याने सवय आणखी पक्की होईल का? आणि दाखवायचं कुणाला?

प्रतिसाद १

ताई, आमची लेक आता बारा वर्षांची आहे, तीही याच वाटेने गेली. पेंडंटने सवय वाढली नाही. उलट कपडे वाचले आणि आमचं दिवसभराचं टोकणं थांबलं, त्याचा तिला जास्त उपयोग झाला. घेताना एकसंध, चावण्यासाठीच बनवलेलं घ्या. दोरी ओढ बसताच सुटणारी हवी. रोज धुवायचं, चीर दिसली की टाकून द्यायचं, झोपताना गळ्यात ठेवायचं नाही. जॅकेटची दोरी मात्र आजच काढून टाका.

आम्ही पंधरा दिवस वहीत टिपून ठेवलं होतं: कधी चघळलं, त्याआधी काय घडलं. डॉक्टरांनी सगळ्यात आधी तीच वही वाचली.

प्रतिसाद २

मी लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. चघळताना जबड्याच्या स्नायूंवर जोर येतो आणि त्याने बऱ्याच मुलांना शांत वाटतं. मोठी माणसं पेनाचं टोपण चावतात ना, तसंच. म्हणून नुसतं अडवलं की मूल दुसरं काहीतरी शोधतं. तुमच्याकडे नखांचं तेच झालं. शाळेत जायच्या आधी कडक, कुरकुरीत काहीतरी चावायला द्या, पाणी स्ट्रॉच्या बाटलीतून द्या, उड्या मारू द्या.

पण कापड गिळलं असण्याची शक्यता असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. उलट्या, पोट फुगणं, शी न होणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी. खाण्याची नसलेली वस्तू महिनाभर किंवा जास्त काळ खात राहणं याला पायका म्हणतात, आणि अशा काही मुलांच्या अंगात लोह कमी सापडतं. त्यामुळे रक्त तपासायचं का, हे विचाराच. पोटदुखीही सांगा, ती फक्त शाळेच्या भीतीची आहे असं धरून चालू नका.

एक विचारू? मोठ्याने वाचतानाच का होत असेल? नुसतं वाचताना होतं का?

धागाकर्ती

दोघींचेही मनापासून आभार. दोरी काढली. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जातोय, तो कुरतडलेला शर्टही सोबत नेतेय.

तुमचा प्रश्न डोक्यातून जाईना. काल रात्री दिवा मालवल्यावर, अंधारात त्याच्या शेजारी पडून विचारलं, वाचताना काय होतं रे? बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ओळ हरवते. मग सगळे माझ्याकडे बघतात." चार महिन्यांपूर्वीच वर्गात एकेकाला उभं करून वाचायला लावणं सुरू झालं होतं. माझ्या लक्षातच आलं नाही.

आता डोळे तपासून घेणार आहे, आणि वाचनात अडचण आहे का तेही. तोवर त्याला वर्गासमोर उभं करू नका, असं बाईंना सांगायचंय, पण त्यांना दोष दिल्यासारखं वाटायला नको. कुणी अशी चिठ्ठी लिहिली असेल तर सुरुवात कशी केलीत ते सांगाल का?